काचेच्या छपराखालचा रस्ता: मिलानच्या गॅलेरियात तीन दिवस

मिलानच्या सहलींमध्ये गॅलेरियाच्या वाट्याला फार तर वीस मिनिटं येतात. दुओमोचा, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलचा, फोटो काढून झाला की गाइडची छत्री कमानीतून आत शिरते. फरशीतल्या बैलाच्या चित्राभोवती घोळका होतो, दोन सेल्फी निघतात आणि दुसऱ्या टोकाने सगळे बाहेर. एवढ्या वेळात दिसतं ते एक महागडं बाजारसंकुल. गॅलेरिया व्हित्तोरिओ एमानुएले ही मुळात संकुल नाहीच, तो रस्ता आहे. शहराच्या दोन चौकांना जोडणारा, दिवसरात्र उघडा, दरवाजा नसलेला आणि डोक्यावर काच घेतलेला रस्ता. तो संध्याकाळी, भल्या सकाळी आणि उंचावरून अशा तीन वेळा बघावा लागतो, कारण प्रत्येक वेळी त्याचा वेगळा भाग नजरेत येतो. त्यासाठी तीन दिवसांची आखणी पुढे दिली आहे. रोज दोन-तीन तास पुरतात, उरलेला वेळ शहरासाठी मोकळा.

कधी जावं? एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. एप्रिलमध्ये फर्निचर आणि डिझाइनचं मोठं प्रदर्शन भरतं, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये फॅशन सप्ताह असतात. त्या आठवड्यांत हॉटेलांचे दर चढतात, म्हणून तारखा आधी तपासा. १५ ऑगस्टच्या आसपास अर्धं शहर सुट्टीवर जातं आणि छोटी दुकानं, खाणावळी कुलूपबंद असतात. ७ डिसेंबर हा शहराचे संरक्षक संत अँब्रोस यांचा दिवस. त्याच संध्याकाळी ला स्काला नाट्यगृहाचा हंगाम सुरू होतो. लागून ८ तारखेलाही सुट्टी असते, त्यामुळे त्या दोन दिवसांत गॅलेरियात पाऊल ठेवायला जागा नसते.

पहिला दिवस: पोहोचणं आणि दिवेलागण

माल्पेन्सा विमानतळावरून शहरात येणाऱ्या गाडीचे दोन फाटे आहेत. एक कादोर्ना स्टेशनला जातो, दुसरा चेंत्राले या मुख्य स्टेशनला. चूक होते ती इथेच. फलाटावर उभी दिसेल त्या गाडीत लोक चढतात आणि नको त्या टोकाला उतरतात. चढण्याआधी पाटीवर शेवटचं स्टेशन वाचा. कादोर्नाला पोहोचायला साधारण ४० मिनिटं लागतात, चेंत्रालेला थोडी जास्त. कागदी तिकीट घेतलं असेल तर फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा असतो. तो नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागतो. लिनाते विमानतळावर उतरणाऱ्यांचं काम सोपं आहे. मेट्रोची निळी एम ४ मार्गिका थेट सान बाबिलाला सोडते आणि तिथून दुओमो पायी दहा मिनिटांवर आहे.

मेट्रोचं साधं तिकीट २.२० युरोचं असून ९० मिनिटं चालतं. बँकेचं टॅप होणारं कार्ड थेट फाटकाला लावलं तरी चालतं, पण आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड लावायचं. एका कार्डावर दोघांनी जाऊ नये. भाड्याची गाडी घेऊन शहराच्या मध्यात शिरू नका. मध्यभाग शुल्काच्या हद्दीत येतो, नाक्यावर माणूस नसतो, कॅमेरा असतो, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते.

आता महत्त्वाची गोष्ट. पहिल्यांदा गॅलेरियात शिराल तेव्हा दुओमोच्या बाजूने शिरू नका, स्कालाच्या बाजूने या. दुओमो स्टेशनला उतरायचा मोह टाळून लाल एम १ ने आलात तर कोर्दूझिओला उतरा आणि व्हिया सांता मार्गेरिताने चालत या, पाच मिनिटं लागतात. चेंत्रालेहून पिवळ्या एम ३ ने येत असाल तर मोंतेनापोलेओनेला उतरून व्हिया मांझोनीने या, सात-आठ मिनिटं. दोन्ही वाटा पियात्सा देल्ला स्काला या चौकात येतात. चौक लहान आणि शांत आहे. मध्ये लिओनार्दो दा व्हिंचीचा पुतळा, एका बाजूला ला स्काला, समोर पालात्सो मारिनो ही महापालिकेची इमारत. स्कालाकडे पाठ केली की समोर ही इमारत आणि उजवीकडे गॅलेरियाची कमान.

या बाजूने शिरण्याचं कारण म्हणजे गॅलेरियाचा वास्तुकार मेंगोनी याने हा रस्ता दुओमोच्या चौकाकडे उघडण्यासाठीच बांधला. स्कालाच्या लहान चौकातून आत आलं की मान आपोआप वर जाते. पुढे मधल्या अष्टकोनी चौकाशी जागा एकदम रुंदावते, मग पुन्हा अरुंद होते आणि शेवटी मोठ्या कमानीखालून बाहेर पडताच डाव्या हाताला दुओमोचा पांढरा दर्शनी भाग अख्खा उभा राहतो. उलट दिशेने चाललं तर हा शेवटचा धक्का मिळत नाही.

वेळ अशी साधा की सूर्य मावळण्याच्या वीस मिनिटं आधी आत असाल. जूनमध्ये मिलानला सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आसपास. काचेतून येणारा उजेड निळसर होत जातो, खालचे दिवे पिवळे असतात, आणि सूर्यास्तानंतरची दहा-पंधरा मिनिटं दोन्ही उजेड सारख्या जोराचे असतात. त्याच वेळात छपराच्या लोखंडी कमानी आणि भिंतीवरचं कोरीवकाम दोन्ही एका फोटोत नीट येतं. त्यानंतर काच काळी पडते आणि छप्पर फोटोतून गायब होतं.

या दिव्यांची एक जुनी हकिगत आहे. १८६७ साली गॅलेरिया उघडली तेव्हा घुमटाच्या पायथ्याशी गॅसच्या दिव्यांचं कडं होतं. एवढ्या उंचीवर शिडी लावून दिवे पेटवणं शक्य नव्हतं. म्हणून घुमटाच्या कडेने रूळ टाकून त्यावर चावीची एक छोटी गाडी सोडत. ती पेटती वात घेऊन गोल फिरायची आणि एकामागून एक दिवे लागत जायचे. मिलानच्या बोलीत तिला ‘रात्तीन’ म्हणत, म्हणजे छोटा उंदीर. ती सुटायची वेळ झाली की लोक मुलांना घेऊन खाली उभे राहत. १८८० च्या दशकात वीज आली आणि उंदराचं काम संपलं.

पहिल्या संध्याकाळी एवढंच पुरे. आत जेवायला बसू नका. जेवणाचं उद्या बघू.

दुसरा दिवस: सकाळी सात वाजता, आधी खाली आणि मग वर

गॅलेरियाला दरवाजेच नाहीत, त्यामुळे पहाटेही आत जाता येतं. सात ते साडेआठ हा सर्वांत चांगला वेळ. सफाईची यंत्रं फिरत असतात, ऑफिसला निघालेली माणसं झपझप जातात, दुकानं दहाच्या सुमाराला उघडतात. घोळके येण्याआधी फरशी मोकळी मिळते. पाऊस पडून गेला असेल तर जपून चाला. गुळगुळीत दगडावर ओले बूट चांगलेच घसरतात. थंडीत कानटोपी असू द्या. छप्पर आहे म्हणून आत उबदार असेल असं वाटतं, पण चारही तोंडं सताड उघडी असल्याने वारा आरपार जातो. भर उन्हाळ्यात मात्र काचेखाली दुपारी कोंदतं.

आकार लक्षात ठेवा, म्हणजे बघताना मोजमाप राहतं. लांब हात दुओमोपासून स्कालापर्यंत सुमारे १९६ मीटर, आडवा हात सुमारे १०५ मीटर. आडव्या हाताची तोंडं पश्चिमेला व्हिया सिल्व्हिओ पेल्लिको आणि पूर्वेला व्हिया उगो फोस्कोलो या रस्त्यांवर उघडतात. रुंदी साडेचौदा मीटर. हे दोन हात छेदतात तिथे अष्टकोन, आणि त्याच्यावर ४७ मीटर उंचीचा काचेचा घुमट. छपराला ३५३ टन लोखंड लागलं. गॅलेरियाचं वेगळेपण या आकड्यांतच आहे. काचेखालचे बाजार युरोपात तिच्या आधीही होते. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटापासून अरुंद बोळ होते, लंडनला १८१९ पासून बर्लिंग्टन आर्केड होतं, ब्रसेल्सला १८४७ साली सेंट ह्युबर्टच्या गॅलऱ्या उघडल्या आणि खुद्द मिलानमध्ये १८३२ पासून दे क्रिस्तोफोरिस नावाची गॅलरी होती (ती पुढे विसाव्या शतकात पाडली). पण ते सगळे बोळ होते. ब्रसेल्सची रुंदी जेमतेम आठ मीटर आहे. मिलानमध्ये पहिल्यांदा बोळाचा हमरस्ता झाला.

अष्टकोनाच्या बरोबर मध्यावर उभे राहा. पायाखाली साव्हॉय राजघराण्याचं चिन्ह आहे, लाल ढालीवर पांढरा क्रूस. त्याच्या भोवती चार शहरांची चिन्हं आहेत: मिलानचा पांढऱ्यावर लाल क्रूस, तोरिनोचा बैल, फिरेन्झेचं कमळासारखं फूल आणि रोमची लांडगीण. मिलान आणि साव्हॉयचे क्रूस हमखास एकमेकांत मिसळतात, रंग उलटे आहेत एवढं ध्यानात ठेवा. ही चार शहरं सहज निवडलेली नाहीत. तोरिनो, फिरेन्झे आणि रोम या तीन शहरांना एकसंध इटलीची राजधानी होण्याचा मान त्याच क्रमाने मिळाला, आणि त्यांच्या पंगतीत मिलान यजमान म्हणून बसलं आहे. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाची सत्ता गेली, १८६१ मध्ये इटलीचं राज्य झालं आणि पहिल्या राजाच्या नावाने हा रस्ता काढायचं शहराने ठरवलं. पैसे उभे करायला लॉटरीही काढली होती.

आता बैल. तोरिनोच्या या बैलाच्या अंडकोषांवर उजव्या पायाची टाच रोवून तीन गिरक्या घेतल्या की नशीब उजळतं, असा समज आहे. तोरिनो आणि मिलानची जुनी खुन्नस त्यामागे असल्याचं सांगतात. जवळ वाकून बघा. तिथे खळगा दिसेल, आणि खळग्याभोवतीच्या दगडाच्या तुकड्यांचा रंग बाकीच्या बैलाहून थोडा वेगळा. कारण साधं आहे. मोझॅइक, म्हणजे असे तुकडे जोडून केलेलं चित्र, वरून पडणारं वजन सहज पेलतं, शेकडो वर्षं माणसं त्यावरून चालू शकतात. पण टाचेच्या गिरकीत दाब एका बिंदूवर येतो आणि वर पीळही बसतो. तुकडा आधी खालच्या चुन्या-सिमेंटपासून सुटतो आणि मग बाहेर येतो. एक निघाला की शेजारचे आधाराविना होतात आणि भराभर निसटतात. महापालिकेला ही जागा पुन्हा पुन्हा भरून घ्यावी लागते. गिरकी घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या मते न घेता बैल नीट पाहणं जास्त मोलाचं. घ्यायचीच असेल तर मऊ रबरी तळव्याच्या बुटाने घ्या आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा, कारण रांगेतल्या सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं आणि खिसेकापूंना ते माहीत असतं.

मग मान वर करा. चार हातांवरच्या काचेच्या कमानी अष्टकोनाशी येऊन थांबतात आणि त्यांच्या माथ्यावर चार अर्धगोल चित्रं आहेत: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. सुरुवातीला ती ओल्या गिलाव्यावर रंगवली होती. ती टिकली नाहीत, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या जागी मोझॅइक बसवलं. छोटी दुर्बीण असेल तर इथे उपयोगी पडते. नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने जवळ आणून बघा.

घुमटाचा सरळ फोटो हवा असेल तर फोन हातात धरू नका, तिरका येतो. राजचिन्हाच्या मध्यावर फोन जमिनीवर पालथा न ठेवता पडदा वर ठेवा, पुढचा कॅमेरा निवडा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. आठ बाजू समान दिसल्या की फोन मध्यावर आहे. हे साडेआठच्या आत करा, नंतर फोनवर कुणाचा तरी पाय पडेल.

हे छप्पर उभं कसं राहतं? लोखंडी कमान आपल्या पायाशी भिंतींना बाहेर ढकलते. हा रेटा दोन्ही बाजूंच्या मजबूत, अनेक मजली इमारती अंगावर घेतात. म्हणजे दुकानं आणि वरची घरं हीच छपराची टेकू आहेत, काच आणि इमारत यांना वेगळं काढताच येत नाही. अशा छपराचं कायमचं दुखणं म्हणजे गळती. लोखंड ऊन-थंडीत काचेपेक्षा वेगळ्या मापाने फुगतं आणि आक्रसतं, सांध्यातली लुकण तडकते आणि पाणी आत येतं. त्यामुळे देखभाल सतत चालू ठेवावी लागते. वर कामगार काम करताहेत असं दिसलं तर हिरमुसू नका, या छपराचं आयुष्य त्याच कामावर टिकून आहे. लोखंडाचं काम पॅरिसच्या आंरी जोरे याच्या कारखान्याने केलं. आपल्याकडे काळा घोड्याला वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा उभा राहिला तो याच दशकात, १८६७ ते १८६९ मध्ये, आणि त्याचेही भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आले होते. लोखंडी भाग कारखान्यात तयार करून दूरच्या शहरात जोडायचं हे तंत्र त्या काळी सगळीकडे पोहोचलं होतं. दोन्ही पाहिलेल्या माणसाला खिळ्यांच्या रांगा ओळखीच्या वाटतील.

सगळं काम भराभर झालं. ७ मार्च १८६५ ला राजाच्या हस्ते पायाभरणी, १५ सप्टेंबर १८६७ ला उद्घाटन. बांधणारी कंपनी इंग्रज होती. ती पुढे बुडाली आणि १८६९ मध्ये शहराने गॅलेरिया विकत घेतली. म्हणून आजही गाळे महापालिकेच्या मालकीचे आहेत आणि दुकानदार भाडेकरू आहेत. मालकाचा एक नियम चटकन डोळ्यांत भरतो: पाट्या काळ्या, अक्षरं सोनेरी. मॅक्डोनाल्ड्स इथे २०१२ पर्यंत होतं, तेव्हा त्यांनाही लाल पाटी मिळाली नव्हती. त्यांच्या जागी प्राडा आलं. प्राडाचं पहिलं दुकान मात्र १९१३ पासून इथेच अष्टकोनाशी आहे. तेव्हा ते चामड्याच्या पेट्या आणि प्रवासाचं सामान विकत. १९१९ मध्ये राजघराण्याचे पुरवठादार झाले, म्हणून त्यांच्या चिन्हात साव्हॉयची ढाल आणि गाठीची दोरी आहे. आत्ताच पायाखाली पाहिलेली ढाल दुकानाच्या पाटीवर पुन्हा भेटते.

१९४३ च्या ऑगस्टमधल्या बाँबहल्ल्यात काच खाली आली आणि छपराचं मोठं नुकसान झालं. दुरुस्ती पूर्ण व्हायला १९५५ उजाडलं. समोरच्या ला स्कालालाही त्याच हल्ल्यांत फटका बसला, ते मात्र ११ मे १९४६ ला वाद्यवृंद संचालक तोस्कानिनीच्या संगीतसभेने पुन्हा उघडलं. शहराने नाट्यगृह आधी उभं केलं, यावरून मिलानकरांचा जीव कशात आहे ते कळतं. अलीकडची मोठी साफसफाई २०१५ च्या जागतिक प्रदर्शनाआधी झाली. प्राडा आणि व्हर्साचे या फॅशन कंपन्या आणि फेल्त्रिनेल्ली ही प्रकाशनसंस्था यांनी खर्च उचलला. पूर्ण गॅलेरिया परांचीने झाकण्याऐवजी रुळांवर सरकणारी परांची बांधली आणि भिंतींचा एकेक पट्टा धुऊन पुढे नेली, त्यामुळे रस्ता आणि दुकानं चालू राहिली. भिंतीचा आजचा पिवळसर, उजळ रंग त्या कामानंतरचा. त्याआधीच्या फोटोंत ती करडी दिसते.

कॉफीचं गणित समजून घ्या. इटलीत काउंटरपाशी उभं राहून प्यायलेली कॉफी आणि टेबलाशी बसून प्यायलेली कॉफी यांचे दर वेगळे असतात. शहरात इतरत्र काउंटरवर सव्वा-दीड युरोत काम होतं, गॅलेरियात टेबलाशी बसलात तर त्याच्या कितीतरी पट. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून मागायचं. काही खास हवं असेल तर प्राडाच्या पुरुषांच्या दुकानावरच्या मजल्यावर मार्केझी हे मिठाईचं दुकान आहे. हे घराणं १८२४ पासूनचं आहे. खिडकीजवळची जागा मिळाली तर अष्टकोन वरून दिसतो, आणि दर चढे असले तरी तेवढ्यासाठी एकदा बसावं. जेवायला बसलात तर बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन ते पाच युरो वेगळे लागतील. ती फसवणूक नाही, बैठकीचा आकार आहे, मेनूवर छापलेला असतो.

दुपारचं जेवण बाहेरच करा. फोस्कोलोच्या तोंडाने बाहेर पडून दोन मिनिटांत व्हिया सांता रादेगोंदा लागते. तिथे लुईनीकडे पांझेरोत्तो मिळतो. आपल्या करंजीसारखा आकार, पण हाताच्या तळव्याएवढा, तळलेला, आत टोमॅटो आणि मोझरेला. रांग लांब दिसते, पण दहा-पंधरा मिनिटांत नंबर लागतो. मधोमध चावा घेऊ नका. आतलं चीज उकळतं असतं, जीभ भाजते आणि सदऱ्यावर टोमॅटो सांडतो. टोक तोडून वाफ जाऊ द्या. काटेकोर शाकाहारी असाल तर मागण्याआधी ‘सेन्त्सा कार्ने?’ (मांसाशिवाय?) आणि ‘सेन्त्सा स्त्रुत्तो?’ (डुकराच्या चरबीशिवाय?) असं विचारा. इटलीत पिठात स्त्रुत्तो घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मिलानचा केशरी पिवळा रिसोत्तो हा भात बघून तोंडाला पाणी सुटतं, पण पारंपरिक कृतीत त्यात गोवंशाच्या हाडातला मगज आणि मांसाचा रस्सा असतो. केशर दिसलं म्हणून तो शाकाहारी समजू नका.

याच सांता रादेगोंदा गल्लीत १८८३ मध्ये वीजघर सुरू झालं होतं, युरोप खंडातल्या अगदी पहिल्या वीजघरांपैकी एक. त्याच वर्षी २६ डिसेंबरला ला स्काला विजेच्या दिव्यांनी उजळलं. वीजघर आता नाही.

दुपार स्कालाच्या चौकात घालवा. लिओनार्दोचा पुतळा १८७२ चा, शिल्पकार पिएत्रो मान्यी. खाली चार शिष्य आणि वर गुरू, म्हणून मिलानकर त्याला ‘चौघांत एक लिटर’ म्हणत: एक दारूची बाटली आणि भोवती चार पेले. चौकात शहरातल्या हिरव्या लोखंडी नळांच्या धर्तीचा पाण्याचा नळ आहे, पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या. ला स्कालाचं संग्रहालय बघायला तासभर पुरतो. तालीम चालू नसेल तर एका बॉक्समधून आतलं सभागृहही दिसतं.

तिसरा दिवस: वरून

गॅलेरिया समजायची तर एकदा तिच्यापेक्षा उंच जायला हवं. जवळची जागा म्हणजे दुओमोची गच्ची. तिकिटं दोन प्रकारची: जिन्याने आणि लिफ्टने. जिन्याला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे बरे असतील तर काही अवघड नाही. लिफ्ट घेतली तरी सर्वांत वरच्या गच्चीवर जायला पुढे पायऱ्या आहेतच, हे घरातल्या ज्येष्ठांना आधी सांगा. तिकीट इंटरनेटवरून आधी काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. तपासणीत काचेच्या बाटल्या आणि चाकू अडवतात. आत कॅथीड्रलमध्ये जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यांवर ओढणी पुरते.

वर गेल्यावर उत्तरेकडे या. शिखरांच्या दगडी जाळीतून पलीकडे गॅलेरियाची काच दिसते. खाली चालताना ते छप्पर हलकं वाटतं. इथून कळतं की दोन लांबट काचेच्या पाठी कौलांच्या दाटीतून क्रूसाच्या आकारात चालल्या आहेत आणि मध्ये घुमट फुगला आहे. शहराच्या मध्याची जुनी वस्ती कापून हा रस्ता काढला, हेही इथून कळतं. बाजूची कौलं आणि आतली अंगणं वेडीवाकडी आहेत, काचेची रेघ मात्र पट्टीने ओढल्यासारखी. दुपारी काच चमकते आणि काही दिसत नाही, म्हणून सकाळच.

खाली उतरून चौकातून मोठ्या कमानीकडे तोंड करा. बाजूंच्या ओवऱ्या आणि ही कमान हे मेंगोनीचंच काम. कमान सगळ्यात शेवटी बांधली गेली. ३० डिसेंबर १८७७ ला जुझेप्पे मेंगोनी तिच्या परांचीवर काम बघायला चढला आणि तिथून पडून गेला. वय ४८. अपघात की आत्महत्या, यावर शहरात बरीच कुजबुज झाली. ज्याच्या नावाने रस्ता होता तो राजाही दहा दिवसांत, ९ जानेवारी १८७८ ला वारला. कमानीखाली उभं राहून वर बघितलं की त्या उंचीचा अंदाज येतो. मेंगोनीच्या स्मरणाचा फलक आत आहे, पण बैलाशी रांग लागते तशी तिथे कुणाची लागत नाही. पाच मिनिटं काढून तो शोधाच.

चौकातली दोन माणसं टाळा. एक मनगटाला रंगीत दोरा बांधायला येतो, ‘फुकट, फुकट’ म्हणत, आणि गाठ बसली की पैसे मागतो. दुसरा कबुतरांसाठी तुमच्या मुठीत दाणे ठेवतो. हात खिशात ठेवून, न थांबता, न बोलता पुढे चला. नम्रपणे नकार द्यायला थांबलात की दोरा बांधून होतो.

शेवटची संध्याकाळ कांपारीनोत. गॅलेरियाच्या दुओमोकडच्या तोंडाशीच हे मद्यगृह आहे. गास्पारे कांपारीने गॅलेरिया उघडली तेव्हाच इथे आपला धंदा थाटला होता. त्याचा मुलगा दाव्हिदे याने १९१५ मध्ये हे मद्यगृह सुरू केलं. टेबलाशी न बसता काउंटरला उभे राहा, स्वस्तही पडतं आणि बघायलाही तिथूनच मिळतं. भिंतीवर पानाफुलांचं आणि पक्ष्यांचं मोझॅइक आहे, ते आंजेलो द’आंद्रेआचं. लाकडी काम एउजेनिओ क्वार्तीचं. वरचे घडीव लोखंडी दिवे आलेस्सांद्रो मात्सुकोतेल्लीचे. तीन कारागिरांची नावं लक्षात ठेवली तर तीन वेगळे हात ओळखता येतात. कांपारी-सेल्त्स, म्हणजे कांपारी हे कडवट लाल मद्य आणि सोडा, मागा. इथे सोडा बाटलीतून येत नाही. तळघरातून नळीने दाबाखाली येतो आणि थंड पेल्यातल्या लाल कांपारीवर जोरात सोडला की वर गुलाबी फेस चढतो. चव कडू असते, पहिल्या घोटात पेला खाली ठेवू नका, सोबतचे ऑलिव्ह खाऊन दुसरा घोट घ्या. मद्य नको असेल तर क्रोदिनो मागा, तोही कडवट आणि नारिंगी रंगाचा असतो, पण बिनदारूचा.

पेला घेऊन दाराशी उभं राहता येतं. समोर दुओमो, मागे काचेखालचे दिवे. मेट्रो साधारण साडेबाराला थांबते. त्याआधी एकदा रिकाम्या अष्टकोनातून स्कालाकडे चालत जा आणि मोंतेनापोलेओनेहून पिवळी गाडी धरा.